कापलेला कान
१२ जानेवारी. सकाळी भाकऱ्या थापताना एक जास्तीची झाली आणि निमोण्याजवळच्या वाडीवरची शाळा आठवली. मी तिथे शिकवत असताना शाळेच्या ओट्यावर एक कुत्री सारखी व्यायची. पिल्लांना वैतागलेले वाडीतले एक मेंढपाळ आबा तिला टेम्पोत घालून वरवंडला हायवेवर सोडणार होते. मी त्यांना थोपवलं, तिची नसबंदी करून आणली आणि मुलांना तिच्याभोवती बसवून सांगितलं, की आता हिला पिल्लं होणार नाहीत, आणि ऑपरेशन झाल्याची खूण म्हणून डॉक्टरांनी कानाचं टोक कापलंय. तिच्या अंगाला अजून औषधाचा वास होता, तोवर आबा टेम्पो घेऊन आलेच. मेंढपाळाघरची एक मुलगी आडवी आली. "आबा, हिचा कान कापलाय, आपल्या मेंढरांवानी. खुणंचं जनावर दुसऱ्याचं आसतं, तुमीच सांगता न्हवं?" ही खूण मालकीची नव्हे, हे सांगायला मी तोंड उघडलं आणि मिटलं. आबांनी वाकून कान निरखला. "व्हय की. मग मालक कोन?" अख्ख्या वर्गाने माझ्याकडे बोट केलं. "मग बाई, भाकर आता तुमीच घालायची," म्हणत आबा रिकामा टेम्पो घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी एक भाकरी जास्तीची थापली.