‘कै.’ एक ओळ खाली

१२ मार्च. हातातलं काम: एक लग्नपत्रिका, संध्याकाळपर्यंत.

मी घरी बसून मराठी टायपिंग करते. पनवेलच्या एसटी स्टँडजवळचा एक प्रेसवाला मला पत्रिका देतो. ही पत्रिका चिरनेरकडच्या एका आगरी कुटुंबाची होती. त्यांच्या घरात पहिली पत्रिका एकवीरा आईच्या पायाशी ठेवल्याशिवाय कुणालाच आमंत्रण जात नाही, आणि ती ठेवण्याचा मान घरातल्या सगळ्यांत मोठ्या माणसाचा, म्हणजे नवऱ्यामुलाच्या आजोबांचा. कार्ल्याला जायची गाडी परवा पहाटे निघणार होती. तेव्हा उद्या पत्रिका छापून त्यांच्या हातात पडायला हवी होती.

माझा जुना कॉम्प्युटर जानेवारीत बंद पडला. दुकानदाराने टॅब पुढे केला. "मॅडम, दिसायला छोटा आहे, पण आत डेस्कटॉपचीच सिस्टीम आहे. तुमचं जुनं सॉफ्टवेअर आरामात चालेल."

चालतं. तो खोटं बोलला नाही. त्याने फक्त सांगितलं नाही की या टॅबला सगळं मिळून एकच पोर्ट आहे. माझ्या मराठी फॉन्टच्या सॉफ्टवेअरला एक लॉक लागतं, पेनड्राइव्हसारखं, अंगठ्याएवढं, आणि काम चालू असेपर्यंत ते पोर्टमध्येच ठेवावं लागतं. काढलं की सॉफ्टवेअर बंद. ते लावलं की वायरचा कीबोर्ड नाही, माउस नाही आणि चार्जिंगही नाही.

मग स्क्रीनवरच्या कीबोर्डवर बोटाने टाइप करायचं. तो अर्धी स्क्रीन खातो. उरलेल्या अर्ध्यात पत्रिकेच्या दोन ओळी दिसतात. शिवाय त्यावर इंग्रजी अक्षरं. इतकी वर्षं मी न बघता टाइप करते. ‘डी’वर क आहे हे माझ्या बोटांना माहीत आहे, मला नाही. काचेवर बोटांना काही लागत नाही, तेव्हा प्रत्येक अक्षराला मी गुडघ्यावर खोटं खोटं टाइप करायची, बोट कुठे गेलं ते बघायची आणि मग स्क्रीनवर ती जागा शोधायची. माझा नवरा दारात उभा राहून हे बघत होता.

"पाटी बरी होती गं. तिला चार्जिंग लागत नव्हतं."

"तुला चहा हवाय की मार?"

"चहा," म्हणाला आणि स्वतःच करायला गेला.

अकराच्या सुमारास टॅबने स्वतःहून अपडेट घ्यायला सुरुवात केली, जागा कमी आहे म्हणून ते मध्येच सोडलं आणि तो बंद होऊन पुन्हा सुरू झाला. अर्धी पत्रिका गेली. मी पुन्हा टाइप केली. शेवटच्या ओळींवर आले तेव्हा बॅटरी लाल झाली होती. एक नाव थोडं डावीकडे घ्यायचं होतं. बोट टेकवलं, काहीतरी सरकलं, काय ते कळलं नाही. बॅटरी जायच्या आत फोनने स्क्रीनचा फोटो काढला आणि प्रूफ म्हणून नवऱ्यामुलाच्या आईला पाठवला. वाचून पाहिला नाही. वेळच नव्हता.

काही मिनिटांत तिचा फोन आला. "ताई, काय लिवलंत हो? आमचे बाबा जेवनावरून उठले."

मी फोटो मोठा करून बघितला. पणजोबांच्या नावाआधीचं ‘कै.’ तिथून सुटून एक ओळ खाली आलं होतं. पणजोबा जिवंत झाले होते आणि त्यांचा मुलगा, म्हणजे आज दुपारी भात खाणारे आजोबा, कैलासवासी.

मी माफी मागेपर्यंत फोन त्याच म्हाताऱ्याच्या हातात गेला होता.

"बाय, मी हाय नं अजून?"

"आहात बाबा. चूक झाली. टॅबमुळे..."

"मेलेला मानूस आईला पत्रिका नेतो का कुठं? मी नाय जात. पोरांना जाऊ दे."

मागून सून रडकुंडीला येऊन म्हणत होती की बाबा गेले नाहीत तर गाडीच निघणार नाही. तिचं खरं होतं. टॅबला शिव्या घालून इथे काही सुटणार नव्हतं. मी म्हटलं, "बाबा, उद्या सकाळी तुम्ही प्रेसवर या. तुम्ही वाचल्याशिवाय एक कागद छापणार नाही."

बाबांनी आधी सुनेला गप्प केलं. मग, "कितीला येऊ?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी टॅब घरीच ठेवला. पर्समध्ये फक्त लॉक टाकलं, चालत प्रेसवर गेले, शटर उघडल्याबरोबर मालकाच्या कॉम्प्युटरवर (त्यात हेच सॉफ्टवेअर आहे) बसले आणि खटखट आवाज करणाऱ्या कीबोर्डवर पत्रिका पहिल्यापासून टाइप केली. चहा निवायच्या आत झाली. आजोबा पांढरी टोपी घालून आले. प्रूफवर बोट ठेवून त्यांनी एकेक नाव वाचलं. वडिलांच्या ‘कै.’वर बोट थांबलं, स्वतःच्या नावावर जरा जास्त थांबलं.

"आता छाप," म्हणाले. "आनि बाय, माजी जायची येल आली की मीच फोन करीन. तू घाई नको करू."

मशीनवरून उतरलेली पहिली पत्रिका मी त्यांच्या हातात दिली. मग तिथूनच रिक्षा केली, घरून टॅब घेतला आणि दुकानदाराच्या काउंटरवर ठेवला. म्हटलं, "हा परत घ्या, नाहीतर मोडीत काढा. मला जुना कॉम्प्युटर चालेल, पण कीबोर्डवाला द्या."