चष्मा आत, नेटी बाहेर

नेटी हव्रिल्याक आजवर अकरा निवडणुका हरली, आणि त्यांतल्या एकाही निवडणुकीत ती स्वतः उभी नव्हती. उमेदवार दुसरेच असायचे. हरायचं काम मात्र नेटी मन लावून करायची. मॅनिटोबा प्रांतातल्या रीडवेलसारख्या गहू पिकवणाऱ्या गावात नारिंगी पाट्यांच्या पक्षाला विचारतो कोण! पण नेटीच्या अंगणात पाटी लागली नाही, असं कधी झालं नाही. एकदा निवडणूक भर जानेवारीत आली. जमीन दगडासारखी गोठलेली, पाटीची तार काही केल्या आत जाईना. बाईने आइस्क्रीमच्या रिकाम्या बादल्यांत पाणी भरलं, त्यात पाट्या उभ्या केल्या, अंगणात गोठू दिल्या आणि सकाळी त्या बर्फाच्या बादल्या गावभर मांडून आली. विरोधकांनी आधी पोट धरून हसून घेतलं आणि आठवड्याने तेच बादल्या शोधत फिरत होते.

एकतीस वर्षं ती शाळेची पिवळी बस चालवत होती. अर्धा गाव तिच्या बसमधून शाळेत गेला, म्हणून अर्धा गाव तिला अजून 'मिसेस एच' म्हणतो. मे महिन्यात बर्फ वितळला की गावाच्या उत्तरेच्या पाणथळापाशी ती बस थांबवायची, इंजिन बंद करायची आणि पोरांना म्हणायची, "खिडक्या उघडा. दोन मिनिटं तोंडं बंद." हजारो बेडूक एकदम ओरडत असायचे. शाळा मंडळाकडे तक्रार गेली, की बस रोज दोन मिनिटं उशिरा येते. नेटीने उत्तर लिहिलं: 'चूक मान्य आहे. जूनपर्यंत चालू राहील.'

आणि तिचे अर्ज! कागद अडकवायची एक फळी तिच्याकडे कायम असायची. बसमधला हीटर, आठवड्यातून दोनदा येणारी नर्स, फिरतं वाचनालय, सगळं त्या फळीवरच्या सह्यांतून आलं. "एकट्याला पेलत नाही ते सगळ्यांनी मिळून उचलायचं. माझं राजकारण एवढंच," असं ती म्हणायची. नवरा स्टेफ होता तेव्हा तो म्हणायचा, "मग आधी हा सोफा उचलायला ये." स्टेफ जाऊन आता नऊ वर्षं झाली.

गावातल्या एकाच माणसाने तिच्या फळीवर कधी सही केली नाही. तो म्हणजे लॉरस आयनारसन, पाणथळाला लागून शेत असलेला, तिच्याच वयाचा, हट्टाने तिच्याइतकाच दगड. आइसलँडहून आलेल्यांचा वंश, तोंडातून शब्द निघायचा तो तोलून-मापून. नेटी नारिंगी, लॉरस निळा. पण स्टेफ आणि तो एकत्र कर्लिंग, म्हणजे बर्फावर दगड घसरवायचा खेळ, खेळत, त्यामुळे एकेचाळीस वर्षांपूर्वी एक पद्धत पडली आणि पुढे मोडली नाही. मतदानाच्या दिवशी नेटी आणि लॉरस अगदी शेवटी, एकदमच मत द्यायला जायचे. तो म्हणायचा, "तुझं एक, माझं एक. झाली वजाबाकी." ती म्हणायची, "चल, कॉफी पाज." मग दोघं मतदान व्हायचं त्या कर्लिंगच्या हॉलच्या स्वयंपाकघरात बसून कॉफी प्यायचे.

या वेळी मात्र प्रश्न पक्षाचा नव्हता, पाणथळाचा होता. गावच्या परिषदेने सार्वमत ठेवलं होतं: मोठा चर खणून पाणथळाचं पाणी ओढ्यात सोडायचं की नाही? निम्म्याहून एक तरी मत जास्त पडलं तर चर खणायचा. बरोबरी झाली तर प्रस्ताव पडला. नेटीच्या लेखी हा जिवाचा प्रश्न होता. वसंतात सगळ्या माळाचं पाणी ते पाणथळ पोटात धरून ठेवायचं. ते गेलं की पाणी सरळ गावात, आणि शेतांतलं खत वाहून खाली सरोवरात. तिथे आताच दर उन्हाळ्यात हिरवी साय धरत होती. एकदा खणलेला चर पुन्हा कोणी बुजवत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

लॉरसचं म्हणणंही खोटं नव्हतं. "तुझे बेडूक माझं शेत पितात, नेटी," तो म्हणाला होता. "तीन वर्षं झाली, खालच्या पट्ट्यात पेरणी नाही. गाव कोरडं राहतं ते माझ्या ओलीवर. गावातलं कोणी कधी विचारायला आलं?"

वाद अर्धवट टाकून नेटी घरी निघाली, हीच मोठी बातमी होती.

ऑक्टोबरातल्या मतदानाच्या बुधवारी सकाळपासूनच बर्फाचं वादळ सुटलं. नेटीने आपली जुनी व्हॅन काढली. ज्याला गाडी नाही त्याला मतदानाला न्यायचं, हा तिचा नेम होता. आणि गाडीत एकच नियम: मत कुणाला, हे विचारायचं नाही, सांगायचं नाही. हवामानावर हवं तेवढं बोला. दिवसभरात तिने बावीस माणसं कर्लिंगच्या हॉलवर पोचवली. त्यांतली किमान दहा चर खणायच्या बाजूची होती, हे तिला त्यांच्या घरापुढच्या पाट्यांवरून दिसत होतं.

"अगं, शत्रूला रसद पुरवतेस तू," शेजारची मार्लिस वैतागून म्हणाली.

"शत्रू कसला? मिस्टर फ्रीझनचा गुडघा दुखतोय," नेटी म्हणाली.

सव्वासातला, शेवटच्या फेरीत, रस्त्याकडेच्या खड्ड्यात तिला दोन दिवे लुकलुकताना दिसले. लॉरसचा ट्रक होता, नाक खाली आणि शेपूट वर. आत लॉरस आणि त्याची त्र्याण्णव वर्षांची आई. तिला सगळं गाव अम्माच म्हणतं, म्हणजे आइसलँडी भाषेत आजी.

खोटं कशाला बोला, नेटीचा पाय क्षणभर ब्रेकवर गेला नाही. आठला दार बंद होणार होतं. समोरच्या ट्रकमध्ये विरुद्ध बाजूची दोन मतं बसली होती. मागून बर्फ काढणारी गाडी येतच होती, दोघं काही गारठून मरणार नव्हती. वादळात काही दिसलं नाही असं म्हटलं असतं तर कोणी शंकासुद्धा घेतली नसती. पण आमच्याकडे बर्फात रुतलेल्याला ओलांडून जात नाहीत. नेटीच्या बापाने शिकवलेली ती पहिली गोष्ट होती, प्रार्थनेच्याही आधीची.

तिने व्हॅन थांबवली, काच खाली केली आणि म्हणाली, "चर खणायची इतकी घाई? स्वतःच खड्ड्यात गेलास ते!"

"सॉरी," लॉरस म्हणाला. "तुझा वेळ जातोय."

"मीच सॉरी. आधी यायला हवं होतं. अम्मा, हात द्या."

अम्मा मागच्या सीटवर बसली आणि म्हणाली, "नेटी, मी कुणाला मत देणार ते विचारू नकोस."

"नाही विचारत हो."

"लॉरसनेसुद्धा विचारू नये. सकाळपासून विचारतोय मेला."

आठला सात मिनिटं असताना व्हॅन हॉलपाशी लागली. "तुझं अजून राहिलंय ना?" लॉरसने विचारलं. "मग काय, तुझ्याशिवाय देऊ?" नेटी म्हणाली. तिघं दारात पोचली आणि अम्मा थबकली.

"माझा चष्मा! गाडीत राहिला. त्याशिवाय मला काळं-पांढरं दिसत नाही."

"तुम्ही रांगेत उभ्या राहा, मी आणते," म्हणत नेटी वळली. चष्मा सीटच्या फटीत गेला होता. हातमोजा काढा, हात घाला, तर हाती आधी पेपरमिंटची गोळी आणि कुणाची तरी कानटोपी. शेवटी चष्मा सापडला. एकाहत्तराव्या वर्षी बर्फात जितकं धावता येतं तितकी नेटी धावली.

दार बंद होतं. काचेमागे मतदान अधिकारी व्हॅलेरी. कधीकाळी याच व्हॅलेरीने दोन मिनिटं उशिरा आल्याबद्दल शाळेत बोलणी खाल्ली होती, बेडकांपायी. तिने दार चार बोटं उघडलं.

"मिसेस एच, सॉरी. खरंच, फार सॉरी. आठ वाजून गेले. आत आहेत तेवढ्यांचंच मत."

नेटीने तिच्याकडे पाहिलं. दार ढकलून आत जाणं जमलं असतं, आणि व्हॅलेरीने रडत रडत जाऊही दिलं असतं. "तू कशाला सॉरी? उशीर मी केला," नेटी म्हणाली. "हा चष्मा तेवढा अम्माला दे. त्याला तर मत नाही ना?"

चष्मा आत गेला. नेटी बाहेर राहिली. पायरीवर उभं असताना तिला एकेचाळीस वर्षांत पहिल्यांदा मतदानाच्या दिवशी रडू आलं, आणि त्याचा दोष ढकलायला वारा होताच.

मोजणीच्या वेळी दार सगळ्यांना उघडलं. हॉलच्या स्वयंपाकघरात कॉफी उकळत होती, अम्माने पाठवलेला मनुकांच्या थरांचा केक कापला जात होता. नेटी कोपऱ्यात बसली. मत दिलं नाही हे तिने कुणाला सांगितलं नाही. मार्लिसला कळलं असतं तर तिने केकच्या सुरीनेच वजाबाकी केली असती.

व्हॅलेरी कागद घेऊन उभी राहिली. "दोनदा मोजलंय. चर खणावा: एकशे सत्याऐंशी. खणू नये: एकशे सत्याऐंशी. कोरी मतपत्रिका: एक. प्रस्ताव पडला."

अर्धा हॉल ओरडला, अर्धा हॉल बाकांवर हात आपटत उठला. "कोरी? इतक्या वादळातून येऊन कोरी? कोण हा शहाणा!" कोणीतरी चिडून म्हणालं.

नेटीने लॉरसकडे पाहिलं. तो कॉफी ढवळत होता. एकेचाळीस वर्षं ती त्याला बिनसाखरेची, बिनदुधाची काळी कॉफी पिताना पाहत आली होती. तिच्यात ढवळायचं काय?

ती त्याच्यासमोर जाऊन बसली. "लॉरस, तू काय केलंस?"

"मत गुप्त असतं," तो म्हणाला.

"मूर्खा, तुझं शेत जाईल पाण्यात!"

"जाईल." त्याने चमचा खाली ठेवला. "दारातून चष्मा आत आला, तू आली नाहीस. पेन्सिल हातात होती माझ्या. आता तुझं नाही, तर माझं कशाचं? माझ्या आईचा चष्मा आणायला गेलीस म्हणून मी जिंकू? तसलं जिंकणं मला नको, नेटी. कॉफी पी, निवतेय."

नेटीने कॉफी घेतली. तिच्या आनंदाला ठिगळ लागलं होतं खरं, पण आनंद होताच, आणि तो तिने लपवला नाही. पाणथळ वाचलं होतं. आणि ज्याच्यामुळे वाचलं त्याच्या 'कोणी कधी विचारायला आलं?' या प्रश्नाचं उत्तर तिने अजून दिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती लॉरसच्या स्वयंपाकघरात हजर झाली, काखेत फळी. अम्मा खिडकीशी चष्मा लावून वर्तमानपत्र वाचत होती. नेटीने रात्री लिहिलेला अर्ज टेबलावर ठेवला: ज्यांची शेतं गावासाठी पाणी धरून ठेवतात, त्यांना गावाने करात सूट द्यावी आणि बुडलेल्या पेरणीची भरपाई करावी.

लॉरसने ओळ न ओळ वाचली. मग पुन्हा वाचली. "मी तुझ्या कुठल्याच कागदावर आजवर सही केलेली नाही," तो म्हणाला.

"ठाऊक आहे."

"हा तर माझ्यासाठीच दिसतोय."

"पाणी सगळ्यांचं, तर भार तुझ्या एकट्यावर कशाला? पहिल्या ओळीवर तुझं नाव येऊ दे. घे पेन."

लॉरसने पेन घेतलं. पहिल्या ओळीवर टेकवलंही. मग थांबला आणि फळी उलटी फिरवून तिच्यापुढे सरकवली.

"आधी तू कर," तो म्हणाला. "नाहीतर पुन्हा कुणाचा तरी चष्मा आणायला पळशील."