पहिली पसंती गुवाहाटी

आमच्या घरात हवी असलेली गोष्ट सरळ मागायची पद्धतच नव्हती. बैल घ्यायला गेलं तर मनात भरलेल्या जोडीकडे पाठ करायची आणि भलत्याच जोडीचे दात बघत उभं राहायचं. व्यापाऱ्याला पत्ता लागला की भाव चढला. आमच्या बेला गावात लहान पोरालाही हे कळतं. बाजारात ते ठीकच आहे. पण बाबांनी ते शहाणपण कचेरीत नेलं, आणि मी ते थेट विमान कंपनीत नेलं.

बाबा मंडल कचेरीत, म्हणजे तालुक्याच्या ऑफिसात, कारकून होते. तेलंगणात एका आदिलाबाद जिल्ह्याचे चार जिल्हे झाले तेव्हा कर्मचाऱ्यांना विचारलं गेलं, कोणता जिल्हा पाहिजे? बाबांनी आयुष्यात एकदाच सरळपणा केला आणि आदिलाबाद मागितलं. घर बेल्यात, शेत बेल्यात, दुसरं काय मागणार? तबादला झाला बेज्जूरला, प्राणहितेकडच्या जंगलात. त्यांच्या शेजारच्या टेबलावरच्या माणसानं तिकडचं मागितलं होतं, तो राहिला आदिलाबादेत. झालं. बाबांच्या डोक्यात गणित पक्कं बसलं.

बाबा बेज्जूरला असतानाच आईला लकवा मारला. मी तेव्हा विमान शिकायला बाहेर होते. शेजाऱ्यांनी तिला जीपमध्ये घालून दवाखान्यात नेलं. बाबा पोचेपर्यंत दिवस मावळला. आईचा उजवा हात गेला तो गेलाच, आणि बोलणं एकेका शब्दावर आलं. बाबांनी पुढं मुदतीआधीच नोकरी सोडली आणि घरी येऊन तिचं सगळं करायला लागले. पण ते आपल्या नशिबाला बोल लावत नसत. ते म्हणत, "मांगितलं म्हणून गेलं."

मला नोकरी लागली तेव्हा माझ्या मनात एकच होतं. मला हैदराबाद बेस मिळावा. बेस म्हणजे वैमानिकाचं ठाणं, जिथून त्याची ड्युटी सुरू होते आणि जिथे संपते. हैदराबादेहून बसनं आदिलाबाद, तिथून बेला. दोन दिवसांची सुट्टी मिळाली तरी आईजवळ एक दिवस बसता आलं असतं. दवाखान्यात सांगितलं होतं की दुसरा झटका येऊ शकतो, आणि मला पुन्हा कुठल्यातरी लांबच्या गावात फोन कानाला लावून उभं राहायचं नव्हतं.

लोकांना वाटतं टोपी घातली की पोरगी उडाली. अहो, कशाचं काय! आधी वर्ग. मग पोहण्याच्या तलावात लाइफ जॅकेट घालून उड्या, धुरानं भरलेल्या खोलीतून रांगत बाहेर, घसरगुंडीवरून खाली. त्यानंतर सिम्युलेटर. पायांवर उभी असलेली एक खोली, आत हुबेहूब कॉकपिट, आणि पाठीमागे बसलेला एक माणूस, जो तुमचं काय काय बिघडवता येईल याचाच विचार करत असतो. इतका संशय घ्यायला कोणी पगार देतं हे कळल्यावर मला वाटलं, या धंद्यासाठी आमचं घराणंच योग्य आहे.

तसं झालं नाही. उड्डाण घेताच प्रशिक्षकांनी डावं इंजिन बंद पाडलं. मला ते दिसलं, पायानं मी विमानाचं नाकही सरळ धरलं. पण तोंडातून शब्द काढला नाही. त्यांनी सगळं थांबवलं. केस पिकलेले कॅप्टन होते, ओरडायचे नाहीत. "तुला दिसलं, हे शेजारच्याला कसं कळायचं? इथं मनात ठेवलेलं कुणाच्या कामाचं नाही," एवढंच म्हणाले. मी लगेच ताडलं की हा माणूस माझ्यावर डूख धरून आहे. कारण तेव्हा आमची छोटी कंपनी एका मोठ्या कंपनीत मिसळायचं चाललं होतं आणि हे कॅप्टन त्या मोठ्या कंपनीतून आलेले. आमच्यातले चार नापास झाले तर यांचे चार आत शिरतील, असा माझा हिशोब. तरी मी बोलायला शिकले. वेग बोलायचा, उंची बोलायची, आता काय करणार तेही बोलायचं. त्याच कॅप्टननी मला पास केलं. त्यातही काहीतरी पाणी मुरतंय असं मला आठवडाभर वाटत होतं.

एकत्रीकरणामुळे कँटीनमध्ये सगळे एकमेकांना हुंगत फिरत होते. कुणी म्हणे चांगले बेस मोठ्या कंपनीच्या पोरांना आधीच वाटून झाले. कुणी म्हणे आपल्याला उरलेलं मिळणार. सिम्युलेटरवर माझ्या जोडीला कानपूरचा एक मुलगा होता. त्यानं सगळ्यांदेखत सांगून टाकलं की मी दिल्ली लिहिणार, माझं लग्न ठरलंय. मला त्याची कीव आली. एवढा शिकलेला, आणि जीभ हातभर बाहेर!

बेसच्या तीन पसंत्या क्रमानं कळवायच्या होत्या. ऑफिसातल्या बाई म्हणाल्या, "खरंच जे हवं ते पहिलं लिहा, जमेल तितकं देतो." इतकं गोड कोण बोलतं हो कामाशिवाय? मी त्याच संध्याकाळी बाबांना फोन केला. बाबा अंगणातून उठून गोठ्यात गेले असावेत, कारण आवाज एकदम बारीक झाला. दुधानं तोंड पोळलेला माणूस, ताकही फुंकूनच पिणार.

"हैदराबाद पायजे ना? मंग तोंडातून काढू नोको. गुवाहाटी पयलं लिही, हैदराबाद तिसरं. आन आईले सांगू नोको, तिच्याजवळ शेजारची काकू बसून राह्यते, ते साऱ्या गल्लीले सांगते."

मी तसंच लिहिलं. वर माझ्या हुशारीचं मलाच कौतुक वाटलं.

कानपूरच्या पोराला दिल्ली मिळाली. मला गुवाहाटी.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. त्या बाई तर खुशीत होत्या. म्हणाल्या की गुवाहाटी आपणहून कोणी मागत नाही, तुमच्यामुळं आमचं काम सोपं झालं. बदलून मिळेल का, असं मी विचारलं तर त्यांनी माझ्याकडं विचित्र नजरेनं पाहिलं. इतक्या लवकर मन फिरलं कसं? एकत्रीकरण पूर्ण झाल्यावर बदलीच्या विनंत्या घेऊ, पण कधी ते सांगता येणार नाही, म्हणाल्या. मला खूप रडू आलं. मी बाथरूममध्ये जाऊन रडले आणि तोंड धुऊन बाहेर आले.

बाबांना सांगितलं. ते म्हणाले, कोणीतरी आतल्या माणसानं आपला डाव ओळखला असंल. चूक झाली हे मात्र त्यांच्या तोंडून निघालं नाही.

त्यानंतर आई फोनवर यायची थांबली. एरवी फोन कानाशी धरला की ती माझं नाव घ्यायची, पुढं एखादा शब्द बोलायची. आता प्रत्येक वेळी बाबा म्हणत, झोपली, जेवून राह्यली, आंग धुऊन राह्यली. मला धडकी भरली. दुसरा झटका येऊन गेला आणि हे माझ्यापासून लपवत आहेत, याबद्दल माझी खात्रीच झाली. गुवाहाटीला रुजू होण्याआधी मोकळे दिवस होते. मी नागपूरला उतरले, बसनं आदिलाबाद गाठलं आणि तिथून बेला.

शेजारच्या काकूनं फाटकातच गाठलं. म्हणाली, "मांगितलं तेच भेटलं म्हणे तुले! तुह्ये बाबा साऱ्या गावाले सांगून राह्यले, पोरीनं गुवाहाटी मांगितलं आन कंपनीनं देल्लं." डाव फसला हे गावाला कळू नये म्हणून बाबांनी ही नवीन टूम काढली होती, आणि गावाबरोबर आईनंही ती ऐकली होती.

आई खाटेवर बसलेली, धडधाकट. म्हणजे होती तशीच. मी जवळ बसले तर तिनं तोंड भिंतीकडं फिरवलं. मी तिचा चांगला हात हातात घेतला. तिनं सोडवला नाही. मग म्हणाली, "लय दूर... पायजे होतं... तुले?"

बाबा दारात उभे होते. त्यांनी मला डोळ्यानंच खुणावलं, गप. बाहेर ओट्यावर काकू उभी होती ना! माझं डोकंच फिरलं. बाईचं काळीज तुटून राहिलंय आणि या माणसाला काकूची पडलीय. मी मोठ्यानं बोलले, काकूलाच काय, तिच्या घरातल्यांनाही ऐकू जाईल इतकं.

"नाई आई. मले हैदराबादच पायजे होतं. मले तुह्याजवळ यायचं होतं."

आई माझ्याकडं बघत राहिली. ती नजर मी ओळखते. आम्ही सगळे बाहेरच्यांकडं तसंच बघतो. आमच्या घरात माणूस तोंडानं मागतो ते त्याला नको असतं, हे इतक्या वर्षांच्या संसारात तीही शिकली होती. मग तिनं मान वळवली आणि बाबांना विचारलं, "खरं... बोलून राह्यली का... हे?"

बाबांनी होकारार्थी मान हलवली. त्यांच्यावर तिचा विश्वास बसला की नाही, ते मला अजून माहीत नाही.