हरतालिकेची चुकलेली गोळी

काल मुलीने हरतालिकेसाठी ओली वाळू आणली आणि त्या वासासरशी मी चाळीस वर्षांपूर्वीच्या, मोहने गावातल्या आमच्या खोलीत जाऊन उभी राहिले.

माझी धाकटी बहीण नंदा तेव्हा बारा वर्षांची. तिला जन्मापासूनच एक दुर्मिळ आनुवंशिक आजार होता. फिट येऊ नये म्हणून सकाळ-संध्याकाळ गोळी. एकही चुकवायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलेलं. त्या वर्षी तिने हट्टाने माझ्याबरोबर निर्जळी उपास धरला. आई गोळी आणि पाण्याचा पेला घेऊन आली.

"ताई, पाणी प्यायलं तर उपास मोडेल ना गं?"

"मोडेल," मी म्हटलं. "आई, एक दिवस राहू दे की."

आईने पेला देव्हाऱ्यापाशी ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी विसर्जनासाठी मी वाळूची पिंड उचलली आणि नंदा पाटावरून कोसळली. हातपाय ताठ झाले, तोंडाला फेस आला. आईने धावत येऊन तिला कुशीवर वळवलं. मी पिंड मोडू नये म्हणून ती दोन्ही हातांनी सांभाळत उभी होते.

नंदा वाचली. मला तेव्हा रडू आलं नाही, अजूनही येत नाही.

आज सकाळी मी पेला भरून घेतला.

"आई, तुझा उपास ना?" मुलीने विचारलं.

मी पाणी पिऊन टाकलं.