जनाकाकूची परत गेलेली टोपली

१९९८ च्या संक्रांतीच्या आदल्या दिवशी मी जनाकाकूशी खोटं बोललो. आमच्या गावात, आंजीत, दोघांच्या घरांमधल्या रस्त्यावर, भर दुपारी. हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — आईलाही नाही, आणि ज्यांच्यासोबत घसा बसेपर्यंत घोषणा दिल्या त्यांनाही नाही.

तेव्हा आमच्या गावात आजारपणाची ज्वारी गोळा व्हायची. सुगी झाली की ज्याने त्याने ऐपतीप्रमाणे समाजमंदिरात आणून ओतायची. ती विकून गावाचा निधी उभा राहायचा, आणि ज्या घरची ज्वारी आली त्या घरी कुणी आजारी पडलं तर दवाखान्याचा मोठा खर्च निधी उचलायचा. मला याचा संताप यायचा. औषधपाणी सरकारचं काम, मग मजुराच्या कोठीत हात का? मी पत्रक काढलं: ‘हक्क मागा, ज्वारी देऊ नका.’ ते चूक होतं का? पूर्ण चूक आजही वाटत नाही. लाज त्याची नाही.

जनाकाकू शेजारची, रोजमजुरी करणारी. लहानपणी मला कडेवर घेऊन फिरलेली. ती डोक्यावर टोपली घेऊन निघाली होती. मी आडवा आलो. म्हटलं, काकू, परत ने ही ज्वारी.

“अन् मी बिमार पडली तं?”

“मोर्चा काढू.”

ती हसली. “मंग मले खाटेवर टाकून नेजो मोर्च्यात. सगळ्यात समोर.” मग थांबून म्हणाली, “तुह्या घरची नाई देऊन राह्यले का?”

“नाही,” मी म्हणालो.

त्याच सकाळी आईने मोजून दिलेली ज्वारी मीच सायकलवर नेऊन ओतली होती. सभेत देणाऱ्यांची नावं पुकारायची पद्धत होती. आमचं नाव पुकारू नका, असंही सांगून आलो होतो. आईशी वाद नको म्हणून? की मलाही आतून वाटत होतं — आपलं घर तरी वाचावं?

काकू टोपली घेऊन परत गेली. त्याच ज्वारीची भाकर तिने मला खाऊ घातली. मी खाल्ली.

श्रावणात आईचं ऑपरेशन झालं, वर्ध्याला, निधीतून. त्याच सुमारास काकूच्या पोटात गाठ निघाली. तिने शेळ्या विकल्या. पुरलं नाही. कापूस वेचणीची मजुरी आली की ऑपरेशन करू, म्हणाली. तशातही एसटीने आईला भेटायला आली, आणि खर्च किती लागला ते विचारलं.

“लागला कुठं?” आई सहज बोलून गेली. “या पोरानंच नेऊन टाकली होती ना ज्वारी.”

काकूने माझ्याकडे पाहिलं. “बरं केलं बाबू,” म्हणाली. “मायकडे ध्यान देजो.”

एवढंच. शिवी दिली असती तर? तेव्हा तरी गावापुढे उभं राहून सांगता आलं असतं — हिला मी परत पाठवलं, हिची ज्वारी आता घ्या. गावाने ऐकलंही असतं. पण मग पत्रकाचं काय झालं असतं? माझं काय झालं असतं? मी गप्प बसलो.

वेचणी संपायच्या आत काकू गेली.

आणि मी — हे सगळ्यात वाईट — मी तिच्यावर पत्रक लिहिलं. ‘जनाबाईला कुणी मारलं?’ आर्वीच्या बसस्टँडवर स्वतः वाटलं. बायका वाचून घेत होत्या, डोळे पुसत होत्या. खाली उत्तर छापलं होतं: सरकारने, व्यवस्थेने. माझं नाव त्यात नव्हतं.

मला माफी नको. पण तुम्ही कधी कुणाला म्हणाला असाल, आजारपणासाठी आधीपासून कशाला काढून ठेवायचं — तर आज त्याच्या दारात जा. तुमच्या स्वतःच्या घरी काय काढून ठेवलंय, ते त्याला सांगा. बसा म्हणाला तरी बसू नका. उभ्याने सांगा.