इस्पेनच्या बैलाचं आवतन

बायको गेली त्याला वर्ष होत आलं. लोक भेटायला येतात आणि मला सांगतात, फार शांत बाई होती, कधी आवाज चढवला नाही. मी ऐकून घेतो. मेलेल्या माणसाबद्दल लोक काहीही बोलतात. माझं लग्न जुळतं की मोडतं असा पेच पडला होता तेव्हा तिचा आवाज अमरावतीच्या एका पत्र्याच्या थिएटरात मागच्या बाकापासून पडद्यापर्यंत घुमला होता. मी तिथे हजर होतो. फक्त दिसत नव्हतो. मी बैलात होतो.

नीट सांगतो. माझी शाळा चौथीपर्यंतची, मागेपुढे झालं तर सांभाळून घ्या.

महाराष्ट्र नुकता झाला होता. मी अकोल्याला जिनिंगमध्ये कामाला होतो. पावसाळ्यात कापूस नसतो, मग जिन बंद आणि माणूस मोकळा. तेवढ्यात पुण्या-मुंबईकडची एक नाटक कंपनी अकोल्यात उतरली. संगीत नाटक, पण सगळं स्पेन देशातलं. नायिका लाल घोळदार झगा घालून पाय आपटत नाचायची आणि हातात लाकडाच्या वाट्या वाजवायची. नायक चकचकीत तुमान घालून बैलाशी लढायचा, शेवटी तलवारीने बैल मारायचा, मग ती त्याला फूल फेकायची आणि दोघं मोठ्याने गायची. बैल म्हणजे काळं रंगवलेलं तरट, त्यात दोन माणसं. पुढचा अर्धा कंपनीतला एक म्हातारा नट होता. मागच्या अर्ध्याला हिवताप भरला, आणि तिथे मी लागलो.

काम सोपं होतं. वाकायचं, पुढच्याच्या कमरेला धरायचं, आणि तलवार लागली की पुढच्याबरोबर आडवं व्हायचं.

अकोल्याचं पब्लिक शहाणं होतं. वकील, कापसाचे दलाल, शाळामास्तर. त्यांनी नाचाला टाळ्या दिल्या आणि बैल मेल्यावर शिट्ट्या मारल्या. फक्त पुढच्या बाकावरचे एक बुवा त्या लाकडी वाट्या वाजल्या की डोळे मिटून मान डोलवायचे. त्यांना वाटे, आता अभंग सुरू होईल.

कंपनी मग अमरावतीला गेली, आणि माझा घोर सुरू झाला. कारण चांदूर रेल्वेजवळच्या एका गावची पोरगी मी पाहून आलो होतो. पसंती झाली होती, फक्त सुपारी फुटायची होती. तिचा बाप चांगला काळ्या रानाचा शेतकरी. त्याची एकच अट होती. “जिनातला चालन, रेल्वेतला चालन, हमाल चालन. नाटकवाला नाई चालत.” त्याचा धाकटा भाऊ एका कंपनीमागे गेला होता तो परत आलाच नव्हता. घरात नाटकाचं नाव निघालं तरी बुढा ताटावरून उठायचा. मला वाटलं, असा माणूस थिएटरच्या वाटेला कशाला जातो? म्हणून मी बिनघोर बैलात शिरलो.

पण दुसऱ्या दिवशी पोळा होता. पोळ्याच्या बाजाराला सगळा मुलूख अमरावतीत उतरला होता. झुली, गोंडे, घुंगरं, शिंगांचा रंग. कंपनीच्या मॅनेजरने गर्दी पाहिली आणि नाचणाऱ्या बाईचा बोर्ड काढून बैलाचा बोर्ड दारावर टांगला. भला मोठा काळा बैल, शिंगं उगारलेली. झालं! शेतकऱ्यांना वाटलं, पोळ्यानिमित्त बैलाचा खेळ आला, काही देवाधर्माचं असेल. दुपारच्या खेळाला थिएटर खचाखच भरलं. बायका एका बाजूला, पुरुष एका बाजूला, मांडीवर सगळ्यांच्या झुलींची गाठोडी.

तरटाला कुशीजवळ एक भोक होतं. मी विंगेतून त्या भोकातून पाहिलं. पुढच्या बाकावर पोरीचा बाप बसला होता, नवी लाल झूल मांडीवर घेऊन. बायकांच्या बाजूला पोरगी आणि तिची माय.

मी पुढच्या अर्ध्याला म्हटलं, “काका, माझा सासरा आला.”

“मग नमस्कार सांग,” काका म्हणाले. “आणि कंबर घट्ट धर.”

नाटक सुरू झालं. बाई नाचायला लागली.

“ही पाय काहून आपटून राहिली?”

“मुंग्या आल्या असन.”

“व माय, केवढा हा घोळ! एवढ्या कापडात पोरीचं लगन होईन!”

“इस्पेन कुठी आलं बाप्पा?”

“लय लांब. बडनेऱ्याले गाडी बदलावी लागत असन.”

नायक-नायिकेचं प्रेमाचं गाणं चाललं तेव्हा लोक खुशाल शेंगा फोडत होते. “बैल कवा येते?” असं मात्र दर कडव्यानंतर कोणीतरी विचारी.

मग आम्ही गेलो. सगळं थिएटर उभं राहिलं. लोकांनी हात जोडले. बायका पदर पसरून दुरूनच पाया पडल्या. तरटाच्या आत काका म्हणाले, “तीस गावं फिरलो, असा मान कधी मिळाला नाही.”

“शिंगं रंगवली नाई बे याची!”

“वेसण बी नाई. मालक कोन हाय?”

“तो चकचक्या असन. त्याले काय समजते!”

नायकाने लाल फडकं फडकवलं. ठरल्याप्रमाणे आम्ही डुरकलो आणि धावलो. लोक नायकावर ओरडू लागले, “अबे फडकं नको हालवू, बुजन ना तो!” नायकाला वाटलं, लोक रंगले. त्याने जोरात गिरकी घेतली आणि म्यानातून तलवार काढली.

मग माझा होणारा सासरा उठला.

“ए पाव्हन्या! आज खांदशेकणी हाय. आजपासून बैलाच्या खांद्यावर कोनी जू ठेवत नाई, आन् तू तलवार ठेवतं?”

ज्याला माहीत नसेल त्याच्यासाठी सांगतो. पोळ्याच्या आदल्या सांजेला आमच्याकडे बैलाचा खांदा लोणी-हळदीने चोळतात आणि त्याला दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आवतन देतात. नायक होता पुण्याकडचा. त्याने काही न समजता तलवार उगारली.

तेव्हा बायकांच्या बाजूने तो आवाज आला. “हात लावून पाह्य त्याले! तंगडं जाग्यावर राहनार नाई तुह्यं!”

मी भोकातून पाहिलं. पोरगी बाकावर चढून उभी होती. तिची माय तिचं लुगडं ओढून तिला खाली बसवत होती आणि ती बसत नव्हती.

पुरुष रंगमंचाकडे सरकायला लागले. नायक घाबरून बैलाच्या कानात म्हणाला, “काका, पडा लवकर!” त्याने तलवार नुसती टेकवली आणि काका हंबरडा फोडून कोसळले.

मी कोसळलो नाही. त्याचं कारण शौर्य नव्हतं. अकोल्याला आडवं होताना पोटाखालचे हूक दर वेळी निसटायचे आणि माझं अर्धं अंग बाहेर यायचं. इथे बाहेर आलो असतो तर लग्न गेलं असतं. म्हणून मी तसाच वाकून उभा राहिलो. पुढे बैल मेलेला, मागे उभा.

“पाहा!” बुढा ओरडला. “पुढून पडला, पन मागून उभा हाय! मागचा आपल्या वऱ्हाडातला हाय!”

टाळ्यांनी पत्रे हादरले. मॅनेजर विंगेतून “पडदा, पडदा” करत होता. दोरीवर अमरावतीचाच एक गडी होता. तो म्हणाला, “बैल उठल्याबिगर पडदा नाई पडत, साहेब.” नायिकेने फूल फेकायची वेळ आली होती. बाई हुशार होती. लोकांचा रंग पाहून तिने फूल नायकाला न देता बैलाला वाहिलं आणि हात जोडले. तिला त्या दिवशी सगळ्यात मोठी टाळी मिळाली.

बुढा तोवर वर चढला होता. त्याने ती नवी झूल माझ्या पाठीवर टाकली. बाजारात घेतलेली हळदीची पुडी फोडली. खांदा काकांबरोबर खाली पडलेला होता, तेव्हा जे उभं होतं तिथेच त्याने हळद चोळली. मग मागचं सोडून माझ्या कुशीजवळ आला, वाकला, आणि फार मायेने म्हणाला, “राजा, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.”

आता वडीलधाऱ्या माणसाने समोर उभं राहून जेवायला बोलावल्यावर गप्प बसायचं, हे मला कोणी शिकवलं नव्हतं.

“येतो, मामा,” मी म्हटलं.

जमिनीवरून काका म्हणाले, “बोंबललं.”

बुढ्याने खाली वाकून हूक काढले. आम्ही एकमेकांकडे पाहिलं.

“तू?”

“हो.”

“जिनात हाय म्हनत होता.”

“जिन बंद हाय.”

“आन् हे काय हाय?”

“बैल हाय, मामा.”

लोक हसता हसता बाकांवरून घसरले. बुढा एकटा हसला नाही. तो खाली उतरला, बायकोला आणि पोरीला घेऊन निघून गेला. झूल माझ्याच अंगावर राहिली. जाताना पोरीने वळून पाहिलं, पण पदर तोंडावर होता. रागावली की हसली, कळलं नाही. मी रात्रभर तेवढाच विचार केला.

सकाळी मॅनेजरला सांगितलं, मागचा अर्धा दुसरा पाहा. झूल घेतली आणि गाडीने चांदूरला गेलो. आवतन घेतलं होतं. ते मोडलं असतं तर लग्नासोबत अब्रूही गेली असती.

दारात बैल सजून उभे होते. बुढ्याने मला पाहिलं, हातातली झूल पाहिली. झूल घेतली, बैलावर घातली, आणि बराच वेळ गोंडेच नीट करत राहिला. मग माझ्याकडे न पाहता म्हणाला, “बैलाईचं जेवन झालं का तुह्यं ताट मांडतो. जबान देल्ली हाय म्हून. सुपारीची गोठ काढू नको.”

मी ओसरीत जेवायला बसलो. त्याची बायको म्हणाली, “पोरगं वाईट नाई, अहो.”

“नाटकवाला हाय तो.”

“सोडलं, मामा,” मी म्हटलं.

“सोडलं म्हनते. माह्या भावानं बी असंच म्हटलं होतं.” मग बुढा एकदम आत तोंड करून ओरडला, “काय व पोरी! काल सगळ्या अमरावतीसमोर बोंबलली, आता काहून गुपचूप हायेस? तूच सांग. याचं काय करू?”

ती तव्यावरून उठून उंबऱ्यात आली. हात पुरणाने भरलेले. लाजली-बिजली काही नाही.

“काल तुमीच म्हटलं का मागचा उभा राह्यला,” ती म्हणाली. “मंग आज त्याले काहून पाडून राहिले?”

आणि माझ्या ताटात न विचारता पोळी टाकून आत गेली.

त्या आवाजाची मला पुढे इतकी सवय झाली की आता घरात नुसतं भांडं पडलं तरी मी “काय म्हणते?” म्हणतो. त्या दिवशी मात्र मी पोळी मोडली आणि बुढ्याकडे पाहिलं. बुढा मिशी चावत उठला, घरातून सुपारी आणली, आणि ओसरी सोडून सरळ गोठ्याकडे निघाला.

“तिकडे कुठी?” त्याच्या बायकोने विचारलं.

“बैलाईसमोर फोडतो,” तो म्हणाला. “साक्षीले याची बिरादरी पाह्यजे.”