जातीवर गेला

"मधली वळ खंय गेली गो? जशें बरयलां तशें वाच."

भाटकारांची म्हातारी बाय आरामखुर्चीत. मी बल्कांवच्या, म्हणजे पुढच्या ओसरीच्या, पायरीवर, हातात तिची जुनी रहस्यकथा. आमचं घर त्यांच्याच जमिनीवर. बायच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढला, म्हणून तिनं मला वाचायला बोलावलं होतं. मी तेव्हा सातवीत होते. आमच्या महारवाड्यावर सगळे बांबूच्या टोपल्या विणायचे. घडाघडा वाचणारी मी एकटीच.

बाय पुस्तक पायरीवर ठेवायची, मग मी उचलायचे. हाताला हात लागला तर आभाळ कोसळेल ना! पण मला त्याचं काही वाटत नसे. वाचायला मिळतंय, एवढंच पुष्कळ. त्यातला गुप्तहेर तर माझा जीव की प्राण. काय ती अक्कल! टोपली विणतानाही माझं डोकं त्याच्यामागे. मोठेपणी आपण तसंच व्हायचं, मी ठरवून टाकलं होतं.

शेवटच्या प्रकरणात वाड्यातून नाहीशा झालेल्या हाराचा चोर सापडला. अंगण झाडणारा महार. पुरावा? काही नाही. गुप्तहेर नुसता हसला आणि म्हणाला, "अखेर जातीवर गेला."

ती ओळ मी गाळली. बायला पुस्तक पाठ होतं; मधली ओळ कुठे गेली, तिनं लगेच विचारलं.

मी वाचली.

"व्हडल्यान."

पुन्हा, मोठ्यानं वाचली. आत सुना हसल्या. बाय म्हणाली, "तुका न्हय गो म्हटलां. चोराक म्हटलां."

बाय बोलली त्याचं एवढं नाही. दुःख झालं ते गुप्तहेराचं. मी ज्याला इतका जीव लावला, तो मला दारात बघताच चोर म्हणाला असता.

"फुडें वाच."

मी उठले. पुस्तक पायरीवर ठेवलं नाही. बायचा हात धरला आणि हातात दिलं. ती शी शी करत राहिली.

"हांव वाचचें ना," मी म्हटलं.

घरी येऊन आईच्या मांडीवर पोटभर रडले. आई घाबरली होती, तरी रागावली नाही. बायच्या कपाटातली पुस्तकं मला कायमची बंद झाली. वाड्यावर दुसरी नव्हतीच.

तेव्हा गावात कोकणी की मराठी यावरून भांडणं पेटली होती. मला दोन्ही भाषांत एकच शिवी ऐकू यायची. पुढे गोवा राज्य झालं, फटाके वाजले. माझं मन काही सांधलं नाही.

त्या झाडणाऱ्या माणसाला सबंध पुस्तकात कोणी एक वाक्य बोलू दिलेलं नाही. हार घेतलास का, एवढंही कोणी विचारलं नाही. त्याची जबानी मी लिहिणार. आणि एकही ओळ गाळणार नाही.